शेजारच्या खोलीतला रंग

१

फिकं गुलाबी निघायचं कापड मळकट जांभळं होऊन बाहेर आलं, आणि कारखान्यात सगळ्यांची बोलती बंद झाली. लग्नसराईचा माल होता. व्यापाऱ्याचा माणूस गेटवर टेम्पो लावून बसला होता. या महिन्यात असं तिसऱ्यांदा घडत होतं. आधी बदामी कापड हिरवट झालं, मग मोतिया कापडावर मरून चढला, आणि आता हे.

पलसाण्याच्या हायवेवरच्या त्या कारखान्याचं नाव 'मयूरपंख डाइंग'. मोर तिथे औषधालाही नव्हता. होती ती वाफ, ओली जमीन आणि डोकं धरणारा रसायनांचा वास. धनश्री निकम गेटातून आत शिरली तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी तिची ओढणी घामाने मानेला चिकटली होती. उधन्याहून जीपमध्ये कोंबून घेऊन ती इथवर आली होती. रिंगरोडवरच्या ज्या छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅमर होती, त्या कंपनीने या कारखान्याला रंगांचा प्रोग्रॅम करून दिला होता. तो करणारा विकास केव्हाच मुंबईला निघून गेला होता, आणि त्याच्या मागे राहिलेली सगळी निस्तरानिस्तर धनश्रीच्या वाट्याला आली होती. प्रोग्रॅम एकाने लिहायचा आणि शिव्या दुसऱ्याने खायच्या, ही या धंद्यातली रीतच आहे.

निघताना तिचे साहेब केतनभाई एवढंच म्हणाले होते, "मशीन बरोबर आहे असं लिहून दे आणि परत ये. वाद घालत बसू नकोस."

कारखान्याचे मालक हसमुखभाई. आईबापांनी नाव मोठ्या आशेने ठेवलं असावं. धनश्रीने त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"बेन, तुम्हाला उगाच त्रास," ते म्हणाले. "माणूस तर सापडला. पेलो हिलाल, म्हणजे तो रंग वजन करणारा. त्याने कबूल पण केलं. संध्याकाळी त्याचा हिशेब करून गेटबाहेर. आणि पलसाण्यापासून पांडेसऱ्यापर्यंत कोणी त्याला उभं करणार नाही, ते मी बघतो. तुम्ही फक्त कॉम्प्युटर बरोबर आहे एवढी सही द्या."

धनश्रीला बरं वाटलं. सही करायची, दुपारच्या जीपने परत जायचं, डोक्याला बाम लावून पडायचं. तिने पिशवीतून पेनही काढलं. मग केवळ सवयीने तिने विचारलं, "काय कबूल केलं त्यांनी?"

"वजनाचा डबा धुतला नाही म्हणे. आधीचा निळा डब्यात राहून गेला."

धनश्रीने टेबलावरचा खराब कापडाचा तुकडा उचलला. धुवायचा राहिलेल्या डब्याला चिकटतो चिमूटभर रंग. त्याने फार तर एखादी छटा हलते. इथे अख्ख्या गुलाबीचा गळा घोटला होता. गुन्हा नाकारताना माणसं खोटं बोलतात, हे तिला ठाऊक होतं. कबूल करताना खोटं बोलणारा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

तिने पेनाला टोपण लावलं, आणि स्वतःवरच चरफडली.

२

रंग जिथे मोजले जातात त्या खोलीला कारखान्यात कलर किचन म्हणत. भिंतीलगत आकड्यांचे डबे, मधोमध काटा, आणि वर फळीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कॉम्प्युटरचा एक पडदा. वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेला ऑपरेटर कॉम्प्युटरवर रंगाची कृती उघडत असे. ती या पडद्यावर दिसे. खालचा माणूस अमुक नंबरचा रंग इतका, तमुक नंबरचा तितका, असं मोजून मशीनकडे पाठवी. कागदाचं काम नव्हतं. वजन झालं की पडदा कोरा होई.

हिलाल महाजन पन्नाशीचा, धुळ्याकडचा. पंचवीस वर्षं रंगात घालवलेल्या त्याच्या नखांना आता स्वतःचा असा रंगच उरला नव्हता. धनश्री नंदुरबारची आहे हे कळल्यावर तो घरच्या बोलीवर आला.

"ताई, तू कसाले उनी? मी सांगी टाकं ना शेठले. मनी चूक शे."

"डबा कोणत्या रंगाचा राहिला होता धुवायचा?"

"निळा."

"आणि बदामी कापड हिरवं झालं तेव्हा?"

"तवय… हिरवा व्हता."

"मोतियाच्या वेळी मरून. तीन वेळा डबा राहिला धुवायचा, हिलालभाऊ? हे बाकीचे डबे बघते मी. ताटात जेवावं असे घासलेत तुम्ही."

हिलालने खांद्यावरच्या फडक्याने स्वच्छ काटा पुन्हा पुसला.

"मला खरं सांगा. पडद्यावर काय दिसलं होतं?"

त्याने एकदा वर काचेच्या केबिनकडे पाहिलं. तिथे पंचविशीचा एक पोरगेला माणूस कीबोर्डवर वाकून बसला होता. हिलालची नजर लगेच खाली आली.

"पडदाना काही दोष नही," तो म्हणाला. "आते जाय ताई. ऊन व्हई."

त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. जो बुडतोय त्यानेच वाचवणाऱ्याचा हात झिडकारावा, तसं तिला वाटलं. आणि तो ज्याच्याकडे बघून गप्प झाला, तो वर केबिनमध्ये बसलेला माणूस कोण, हे तिला अजून माहीत नव्हतं.

३

"तो बन्सीलाल व्हय," डाइंग मास्तर बळीराम म्हणाला. "हिलालच्या सख्ख्या बहिणीचं पोरगं. मामानंच आणून चिकटवलंय इथं."

बळीराम परभणीकडचा. कापडाचा रंग ठरवणारा शेवटचा शब्द त्याचा. मशीनमधून तो कापडाचा चतकोर तुकडा कापे, वाफेच्या गरम नळावर वाळवी, दारात उजेडाला धरी आणि मग हुकूम सोडी. आताही त्याच्या हातात तसाच एक तुकडा होता.

"हे बघा बाई, रंग एका दमात कधी बसत नसतोय. जरा कमी पडतोय. मग मी म्हणतो, अजून थोडा निळा सोडा. त्याला टचअप म्हणतेत. आधी मी वरडायचो, खालून हिलाल वरडायचा, गोंधळ व्हायचा निस्ता. आता तुमच्या कंपनीनं टचअपची फ्लॉपी पाठवली तवापासून लई सोय झाली. बन्सीला सांगितलं की तो कॉम्प्युटरातच घालतोय."

कंपनीतून बाहेर जाणारी प्रत्येक फ्लॉपी धनश्रीच्याच हाताखालून जात असे. टचअपची फ्लॉपी कोणी पाठवलीच नव्हती.

"ही फ्लॉपी कधी आली?"

"होळीच्या आदुगर. बन्सीच म्हणला, कंपनीकडून आलीय."

"आणि कापड खराब व्हायला लागलं ते?"

बळीराम तुकडा हलवायचा थांबला. "होळीच्या नंतर," तो सावकाश म्हणाला. मग एकदम उसळला. "पण त्याचा काय संबंध? टचअप दुसऱ्या मशीनचा व्हता! गुलाबी दोन नंबरला चढत होतं, टचअप एक नंबरच्या कापडाचा. निळ्या साड्या होत्या तिथं."

"बदामी बिघडलं त्या दिवशी एक नंबरवर काय होतं?"

"त्या दिवशी…" मास्तरने डोळे मिटले. आयुष्यात पाहिलेला एकही रंग हा माणूस विसरला नसेल. "बाटली हिरवा," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे उघडले ते उघडेच राहिले.

"मोतियाच्या दिवशी मरून," धनश्रीने वाक्य पुरं केलं. "बळीरामभाऊ, गुलाबीचा घोटाळा झाला तेव्हा कॉम्प्युटरवर कोण होतं?"

मास्तर वरमला. "मीच. बन्सी चहाला गेला होता. निळा कमी पडत होता, थांबायला टाइम नव्हता. मीच आकडा घातला. पण टचअपच्या जागी घातला, गुलाबीला हातबी नाही लावला! आईची आन."

ती शपथ खरी होती, याची धनश्रीला खात्री होती. पण मग एक नंबरचा निळा दोन नंबरच्या गुलाबीत गेला तो काय आपल्या पायांनी चालत?

४

बन्सीलाल तिला पाहून उठून उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि टेबलाच्या खणात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं प्रोग्रॅमिंगचं जाड पुस्तक.

"क्लास करता?" तिने सहज विचारलं.

"हो मॅडम. उधन्याला, ड्यूटी सुटल्यावर." त्याने खण पायाने बंद केला. त्याच्या मराठीत शाळा होती, पण धाप लागल्यासारखी.

"गुलाबी उघडून दाखवा."

एक नंबरचा टचअप पडद्यावर उघडाच होता. बन्सीलालने आधी तो बंद केला, मग गुलाबीची कृती उघडली. सगळं बरोबर होतं. पिवळा किंचित, लाल इतका, निळ्याचं नाव नाही.

"बदामी दाखवा." मधल्या वेळात मास्तरच्या माणसाने खालून हाक मारली होती म्हणून टचअप पुन्हा उघडला गेला होता. बन्सीलालने पुन्हा तो बंद केला, आणि मग बदामी उघडली. तीही बरोबर होती.

"बघा ना मॅडम, कॉम्प्युटर कधी चुकत नाही," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. पंखा त्याच्यावरच फिरत होता.

धनश्रीला त्याच्या बोलण्यापेक्षा त्याची बोटं जास्त सांगत होती. एका कॉम्प्युटरवर दोन मशीनची कामं शेजारी-शेजारी उघडी ठेवायची, हीच तर विकासच्या प्रोग्रॅमची शेखी होती. मग हा प्रत्येक वेळी टचअप आधी बंद का करतो? रस्त्यात खड्डा कुठे आहे हे ज्याला माहीत असतं, तोच अंधारातही तिथे गाडी वळवतो.

"प्रोग्रॅममध्ये तुम्ही कधी काही बदललंत?"

"नाही मॅडम. शेठनी हात लावायला मनाई केलीय."

"बरं. तुम्ही जरा बाहेर बसा. मला आतलं बघायचंय."

तो दारात अडखळला. "मॅडम, मामानी कबूल केलंय ना पण?"

"हो," धनश्री म्हणाली. "त्याचीच तर पंचाईत झालीय."

५

विकास जाताना प्रोग्रॅमचा मूळ मजकूर याच कॉम्प्युटरवर ठेवून गेला होता. पुढे दुरुस्तीला बरं पडेल म्हणून. धनश्री तो वाचत बसली. डोकं ठणकत होतं. खालून वाफेच्या शिट्या येत होत्या. तिने डबा उघडला, पोळीचा एक तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये होता. त्या भाषेत कुठलीही नवी वस्तू तयार करायची तर तिला कॉम्प्युटरच्या स्मृतीत जागा द्यावी लागते, आणि काम झालं की ती जागा परत घ्यावी लागते. हे देणं-घेणं भाषा स्वतः करते. पण त्या काळचे कॉम्प्युटर म्हणजे जागेची मारामार; दिवसभर जागा दे-घे करून मशीन दुपारपर्यंत अडकून पडे. म्हणून विकासने हुशारी केली होती. भाषेची रीत बाजूला सारून 'कृती'साठी जागा देण्याची आणि घेण्याची रीत त्याने स्वतःची लिहिली होती. आधीच सारख्या मापाचे तुकडे कापून ठेवायचे, मागितलं की पुढचा तुकडा हातात द्यायचा. झटपट काम. जोवर सगळ्या कृती एकाच मापाच्या होत्या, तोवर काही बिघडण्यासारखं नव्हतं.

मग तिला टचअप सापडला. विकासच्या सफाईदार हाताच्या मागोमाग लिहिलेला, जरा घाबरत, जरा नटवून. मूळ कृतीलाच पोटाशी धरून तिच्यातून टचअप काढला होता, आणि शेवटी आणखी एका रंगाचा नंबर आणि वजन जोडलं होतं. धनश्रीने ते दोनदा वाचलं. पोरगं हुशार होतं, तिला कबूल करावंच लागलं. एकाच गोष्टीचा त्याला पत्ता नव्हता. मूळ कृतीतून टचअप काढला की तिची जागा देण्याची रीतही वारशाने त्याच्याकडे येते.

ती खुर्चीत मागे टेकली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालं काय, तर फक्त कंटाळा आला, आणि खालच्या त्या माणसाची कणव. हे सगळं ती सांगेल तेव्हा हिलाल वाचेल. आणि हिलालने ज्याच्यासाठी स्वतःची मान पुढे केली होती, त्याचं काय?

६

चारच्या सुमारास केबिनमध्ये सगळे जमले. हसमुखभाई खुर्चीत, बळीराम दाराशी, बन्सीलाल भिंतीला टेकून. हिलाल ओल्या पायांनी आत यायला तयार नव्हता, तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"आधी नुसतं बघा," धनश्री म्हणाली.

तिने एक नंबरचा टचअप उघडला आणि तसाच ठेवला. मग शेजारी दोन नंबरची गुलाबी कृती उघडली. पिवळा, लाल. निळ्याचं नाव नाही. सगळ्यांनी मान डोलावली. "आता मास्तरांचा हुकूम आला, निळा सोडा." तिने टचअपमध्ये परत जाऊन निळ्याचा नंबर आणि वजन घातलं. गुलाबीला बोटही लावलं नाही. मग गुलाबीचं पान पुन्हा समोर आणलं.

पहिल्या ओळीत पिवळा नव्हता. तिथे निळा बसला होता, टचअपच्या पुऱ्या वजनानिशी.

"आई शप्पथ," बळीराम म्हणाला.

"आता गुलाबी बंद करून परत उघडते." पिवळा जागेवर आला होता. "म्हणून तुम्ही तपासायला जाता तेव्हा सगळं बरोबर दिसतं. हिलालभाऊंना त्या दिवशी जे पडद्यावर दिसलं, तेच त्यांनी इमानाने वजन केलं."

"पण हे होतं कसं?" हसमुखभाई खुर्चीतून अर्धे उठले होते.

"शेठ, बमरोलीला तुमच्या कामगारांच्या खोल्या आहेत ना? सगळ्या एका मापाच्या. नवा भाडेकरू येतो, सांगतो आमची इतकी माणसं आहेत. तुमचा मुनीम ऐकतो?"

"ऐकून काय करणार? खोली तर एकच साइझ. किल्ली देतो."

"आमच्या विकासने तेच केलं. जागा मागणारा दर वेळी सांगत असतो, मला इतकी जागा हवी. भाषेचा तसा नियमच आहे. विकासच्या रीतीने ते कधी ऐकलंच नाही, सरसकट एका मापाची खोली दिली. साधी कृती त्यात मावायची. टचअपचं बिऱ्हाड मोठं. त्याचा शेवटचा रंग भिंतीपलीकडे शेजारच्या खोलीत गेला, आणि शेजारी होता गुलाबी. त्याचा पहिला रंग बाहेर पडला."

खाली मशीन घरघरत होतं.

"म्हणजे चूक तुमच्या कंपनीची," हसमुखभाई म्हणाले.

केतनभाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. वाद घालत बसू नकोस. उद्या रिंगरोडवर काय ऐकावं लागेल तेही तिला पाठ होतं. "हो," ती म्हणाली. "पाया आमचाच कच्चा. माप विचारण्याच्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर हे झालं नसतं. तसं मी सहीनिशी लिहून देते."

"पण टचअप? तो पण तुम्हीच दिला?"

धनश्रीने कीबोर्डवरचा हात काढून घेतला. ती बन्सीलालकडे बघतही नव्हती. तिने फक्त थांबायचं ठरवलं होतं. एवढा वेळ त्याला देणं तिच्या हातात होतं.

बन्सीलाल जमिनीकडे बघत होता.

"शेठ," उंबऱ्यातून हिलालचा घोगरा आवाज आला, "ते टचअपनं मीच त्याले सांगं व्हतं. करी टाक म्हनं. चूक मनीच…"

"मामा, बस करा!" बन्सीलाल ओरडला. त्याचा आवाज फाटला. "मी केलं शेठ. मीच लिहिलं, आणि फ्लॉपी आली म्हणून खोटं सांगितलं. नीट चालायला लागलं की खरं सांगेन, मग तुम्ही माझ्यासाठी रिंगरोडच्या कंपन्यांत कुठे तरी शब्द टाकाल, असं वाटलं होतं."

"आणि हे असं होतंय, ते तुला कधी कळलं?" हसमुखभाईंनी विचारलं.

"मोतियाच्या वेळी. का होतंय ते नाही कळलं. टचअप बंद केला की होत नाही, एवढं कळलं. मग मी बंदच करत होतो आधी. त्या दिवशी चहाला गेलो आणि मास्तरनी…"

"मास्तरना सांगून ठेवलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर फ्लॉपीचं खोटं उघडं पडलं असतं," बन्सीलाल म्हणाला.

हसमुखभाई खुर्चीत परत टेकले. मग अगदी हळू म्हणाले, "हिलाल, तू कामावर आहेस. बन्सी, तू उद्यापासून येऊ नकोस. कापड बिघडवलंस म्हणून नाही काढत. कापड बिघडतं. तुझ्यापायी मामा गुन्हेगार होऊन उभा होता, आणि तू वरून काचेतून बघत होतास. म्हणून काढतो."

७

ती जिना उतरली तेव्हा हिलाल खाली नळावर हात धूत होता. धुऊन काही जाणार नव्हतं, तरी धूत होता.

"ताई," तो मान वर न करता म्हणाला, "मी कबूल करी लिन्हं व्हतं ना. तू कसाले उकरं?"

"तुम्हाला कुठेच काम मिळालं नसतं, हिलालभाऊ."

"मनं काय, मना निम्मा जनम गया. त्याना बाप नही. मन्ही बहीन सरलानी मना भरोसावर धाडेल शे त्याले." त्याने नळ बंद केला. "आते तिले काय सांगू?"

धनश्रीला रडू आलं. ते थकव्याचं असेल अशी तिने स्वतःची समजूत घातली.

बन्सीलाल जिन्यावरून खाली आला. ते जाड पुस्तक त्याच्या काखेत होतं. मामाच्या समोर येऊन तो थांबला, मार खायला उभं राहावं तसा. हिलालचा ओला हात वर उचलला गेला. धनश्रीने डोळे मिटून घेतले.

चापटीचा आवाज आला नाही. तिने पाहिलं तर हिलालने त्याच्या शर्टाची बाही धरली होती. त्या इस्त्रीच्या पांढऱ्या बाहीवर त्याच्या बोटांचा निळसर ओला डाग उमटत होता. तो दोघांनाही दिसत होता आणि दोघांपैकी कोणी काही म्हणत नव्हतं.

"जेवना का रे?" हिलालने विचारलं.

बन्सीलालने मान हलवली. नाही.

"चाल," हिलाल म्हणाला. "मन्हा डबा तसाच पडेल शे."